तिकिटं ४०, मागणारे ११०: मोठ्या फुटबॉल मॅचची तिकिटं आपल्याच माणसांत न्यायाने कशी वाटायची

पुण्यात फुटबॉलप्रेमींचा गट चालवायचा म्हणजे वर्षभर एकेक माणूस जोडायचा आणि एखाद्या मोठ्या मॅचला त्यातल्याच निम्म्याहून जास्तांना ‘तिकीट नाही’ म्हणून सांगायचं. हे काम नुकतंच तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. गट भारतीय संघाच्या मागे जाणारा असो, आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीगमधल्या) क्लबचा असो, नाहीतर युरोपातल्या एखाद्या क्लबचा पुण्यातला चाहतावर्ग असो, अडचण तीच. तिकिटं मोजकी, मागणारे भरपूर, आणि नाही म्हणायचं ते ओळखीच्या चेहऱ्यांना.

माझं ठाम मत आहे की लोकांना तिकीट न मिळाल्याचा राग येतो, पण तो चार दिवसांत जातो. तिकीट कोणाला का मिळालं हे कळलं नाही, तर तो राग जात नाही. त्यावरून गट फुटतात.

नियम आधी, मॅच नंतर

पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाटपाचा नियम मोसम सुरू होण्याआधी, कुठलीही मोठी मॅच समोर नसताना लिहून काढा. समोर कोणता संघ येणार हे माहीत नसतं, तेव्हा माणूस न्यायाने विचार करतो. नाव कळलं की प्रत्येकाला आपल्याला सोयीचा नियमच न्याय्य वाटायला लागतो.

२०२३ चं उदाहरण घ्या. मुंबई सिटी एफसी एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळत होती आणि तिचं घरचं मैदान होतं आपलं बालेवाडी. १८ सप्टेंबरला इराणच्या नासाजी माझंदरानविरुद्ध तिथे मॅच झाली. मुंबई ०-२ हरली. स्पर्धेच्या त्याच गटात सौदीचा अल-हिलाल होता, आणि त्या उन्हाळ्यात ब्राझीलचा स्टार नेमार अल-हिलालमध्ये गेला होता. ती मॅच ६ नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नेण्यात आली. नेमार ऑक्टोबरमध्येच उरुग्वेविरुद्ध जखमी होऊन बाहेर पडला होता, तो खेळणार नव्हताच. तरीही तिकिटाची विचारणा करणारे फोन थांबत नव्हते. आता सांगा, अशा वेळी पहिला हक्क कोणाचा? सोमवारच्या रात्री नासाजीसारख्या इथे कोणालाच माहीत नसलेल्या संघाची मॅच बघायला बालेवाडीला आलेल्याचा, की नेमारचं नाव ऐकून पहिल्यांदा फोन करणाऱ्याचा? बहुतेक लोक पहिल्याचा म्हणतील. पण तो नियम आधी लिहिलेला असेल तरच फोन करणाऱ्याला तो शांतपणे दाखवता येतो. ऐन वेळी सांगितलेला नियम कितीही योग्य असला तरी समोरच्याला तो आपल्याला टाळण्यासाठी काढलेला वाटतो.

नियम एका पानात मावला पाहिजे आणि ते पान ग्रुपवर कायम पिन केलेलं असलं पाहिजे. मोसमाच्या मधे बदल करायचा नाही. चूक सापडली तर नोंदवून ठेवा आणि पुढच्या मोसमाला बदला.

आधी हातात काय आहे ते मोजा

क्लबकडून किंवा आयोजकांकडून ‘बघतो, पन्नासएक मिळतील’ असं तोंडी उत्तर येतं. त्यावर विसंबून वाटप जाहीर करू नका. नक्की आकडा, दर, स्टँड, जागा सलग आहेत की विखुरलेल्या, तिकिटावर नाव छापलं जाणार का, आणि पैसे कधीपर्यंत भरायचे, एवढं लेखी घ्या. मेसेज चालेल, पण लेखी हवं.

जागांचाही विचार करा. बालेवाडीचं मैदान १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या संकुलातलं आहे, तिथे मैदानाभोवती धावपट्टी आहे. त्यामुळे खालच्या रांगेत बसलेल्याला पलीकडचा गोल नीट दिसत नाही आणि वरच्या रांगा जास्त चांगल्या. डी. वाय. पाटील मुळात क्रिकेटचं. अंधेरीच्या मैदानात मात्र तुम्ही खेळाडूंच्या अगदी जवळ असता, पण तिथे जागाच फार थोड्या. तिकिटं वाटताना सगळी एकसारखी धरली आणि चांगल्या जागा संयोजकांच्या मित्रांकडे गेल्या, तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. तिकीट कोणाला ते एकदा ठरवा, कुठली जागा ते वेगळ्या चिठ्ठीने ठरवा.

पुढच्या हिशेबासाठी समजू की तुमच्याकडे ४० तिकिटं आहेत आणि अर्ज ११० जणांचे.

‘जो पहिला येईल त्याला’ का नको

नवखा संयोजक हाच मार्ग निवडतो, कारण सोपा आहे. दुपारी बारा वाजता लिंक टाकायची, पहिले ४० आत. पण दुपारी बारा वाजता फोन हातात असलेला माणूस आणि निष्ठावान माणूस यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. चाकणला पहिल्या पाळीत लाइनवर उभ्या असलेल्या मुलाचा फोन लॉकरमध्ये असतो. हिंजवडीत कंप्युटरसमोर बसलेल्याच्या हातात तो असतोच. दोघं तितकेच वेडे असतील, पण तिकीट एकालाच मिळणार, आणि दर वेळी त्यालाच.

लिलावाचा विचारही कोणीतरी मांडतो: जास्त पैसे देईल त्याला द्या, उरलेल्या पैशांतून बॅनर करू. याला माझा साफ विरोध आहे. इंग्लंडमध्ये चाहत्यांच्या अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर प्रीमियर लीगने २०१६-१७ च्या मोसमापासून पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांच्या तिकिटाला ३० पाउंडांची मर्यादा घातली, कारण दर असेच चढत राहिले असते तर स्टँड भरला असता पण गाणारे लोक घरी राहिले असते. आपल्या गटात तिकीट छापील किमतीलाच जाईल, हा नियमाच्या पानावरचा पहिला मुद्दा असू द्या.

निष्ठा मोजायची कशी

इथे थोडं थांबून विचार करायला हवा, कारण सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

जगभरात सर्वमान्य माप एकच आहे: हजेरी. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाच्या समर्थक क्लबात सामन्याला गेल्याबद्दल ‘कॅप’ मिळतात आणि पुढच्या तिकिटांचा क्रम त्यावरून लागतो. स्कॉटलंडचे चाहतेही बाहेरगावच्या सामन्यांना जाऊन गुण साठवतात. तत्त्व साधं आहे: मोठ्या मॅचचं तिकीट हवं तर लहान मॅचला ये.

पण हे माप जसंच्या तसं पुण्यात आणलं तर त्यात तीन दोष शिरतात.

पहिला दोष, दार बंद होतं. ज्याला तिकीट मिळतं त्याला गुण मिळतात, ज्याला गुण आहेत त्याला तिकीट मिळतं. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या क्लबाला ३,००० तिकिटं मिळतात, किंवा मैदान ३०,००० पेक्षा लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. मोठ्या क्लबांत ही तिकिटं वर्षानुवर्षं त्याच मंडळींकडे जातात, ही तिथली जुनी तक्रार आहे. कॉलेजात शिकणारं पोर त्या यादीत शिरणार कधी?

दुसरा दोष, गुणांची शर्यत लागते. ४७ गुण असलेला ४६ वाल्याच्या पुढे का? ती एक मॅच दुसऱ्याने चुकवली असेल ती बहिणीच्या लग्नासाठी.

तिसरा दोष आपल्या शहराचा आहे. पुण्याला आता स्वतःचा वरच्या लीगमधला क्लब नाही. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमध्ये, दुसरा आला, आणि पुढे बंद पडला. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ आयएसएलमध्ये होता. २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि पुढच्याच वर्षी त्याचा शेवट झाला. म्हणजे आज इथला चाहता मॅच बघायला जातो तो एक्स्प्रेस वे ओलांडून. त्याची एक हजेरी म्हणजे एक रजा, बसचं भाडं आणि रात्री दोन वाजता वाकडला उतरणं. ते अंधेरीत राहणाऱ्याच्या हजेरीइतकंच कसं मोजणार?

या तिन्हीवर आम्ही वापरतो ते उपाय असे. बालेवाडीच्या मॅचला १ गुण, मुंबई-नवी मुंबईला २, राज्याबाहेर ३. एका मोसमात जास्तीत जास्त १० गुण. त्यापुढे कितीही मॅच बघा, गुण वाढत नाहीत. फक्त चालू आणि मागचा, असे दोनच मोसम मोजायचे. म्हणजे नवीन माणूस दोन वर्षांत जुन्याच्या बरोबरीला येऊ शकतो, आणि जुन्याला तीन वर्षांपूर्वीच्या पुण्याईवर बसून राहता येत नाही. गटाच्या कामाचे, म्हणजे बॅनर रंगवणं, ढोल-ताशाची ने-आण, बसची व्यवस्था, याचे मोसमाला जास्तीत जास्त ३ गुण द्या, तेही त्या १० मध्येच धरून. जर्सी विकत घेतल्याचे गुण नाहीत. पबमधल्या स्क्रीनिंगला येण्याचे गुण नाहीत. तिथे जाणं म्हणजे शनिवार रात्रीचं बिल, आणि ते ज्याला परवडत नाही त्याची निष्ठा कमी नसते. युरोपीय क्लबच्या गटांना स्क्रीनिंगशिवाय दुसरं मापच नसतं, हे मला मान्य आहे. त्यांनी मग वर्षातली चार-सहा स्क्रीनिंग फुकट, एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवावीत आणि तेवढीच मोजावीत.

आणि सर्वांत महत्त्वाचं: गुणांवरून नंबर लावू नका, टप्पे पाडा. १२ आणि वर गुण असलेले पहिल्या टप्प्यात, ५ ते ११ दुसऱ्यात, बाकी तिसऱ्यात. एका टप्प्यातले सगळे समान. १२ वाला आणि २० वाला एकाच डब्यात. यामुळे शर्यत थांबते आणि बहिणीच्या लग्नाला निर्धास्त जाता येतं.

बालेवाडीत २०१४ पासून एफसी पुणे सिटीची नारिंगी जर्सी घालून उभे राहिलेले लोक अजून आपल्यात आहेत. क्लब गेला, ते राहिले. त्यांच्या जुन्या हजेरीचे गुण धरले तर यादी कायमची त्यांच्याच ताब्यात जाईल. अजिबात धरले नाहीत तर ते कृतघ्नपणाचं होईल. म्हणून त्यांच्या नावाने प्रत्येक सोडतीत एक चिठ्ठी जास्तीची, कायमची. एवढं पुरेसं आहे, आणि ते त्यांनी आनंदाने स्वीकारलं आहे.

हजेरीची नोंद

फोनवरच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट म्हणजे हजेरी नव्हे. तिकीट काढून न येणारे असतात, काढून दुसऱ्याला विकणारेही असतात. आमच्याकडे एक लांबट नोंदवही आहे, दुकानात उधारी लिहायला वापरतात तसली. मध्यंतराला एक जण ती घेऊन स्टँडच्या पायऱ्यांवर उभा राहतो. नाव, तिकिटाचे शेवटचे चार आकडे, समोर माणूस दिसला की लाल पेनची खूण. दहा मिनिटांत काम होतं. चहाला गेलेले परत येताना खूण करवून घेतात. घरी आल्यावर पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि मग ते एक्सेलमध्ये चढवायचं. वहीचा फोटो सगळ्यांकडे असल्यामुळे एक्सेलमधला आकडा नंतर कोणी गुपचूप बदलू शकत नाही.

४० तिकिटांची वाटणी

सगळी गुणांवर दिली तर नवीन माणूस येणार नाही. सगळी सोडतीवर दिली तर नासाजीच्या मॅचला येण्यात अर्थ राहणार नाही. दोन्हींचं मिश्रण हवं. मी सुचवेन ते प्रमाण असं: २० तिकिटं पहिल्या टप्प्याला. तिथे अर्जदार २० पेक्षा जास्त असतील तर त्यांच्यातच सोडत. कमी असतील तर उरलेली खाली जातात. १४ तिकिटं खुल्या सोडतीला, ज्यात पहिल्या टप्प्यात नंबर न लागलेल्यांसकट सगळे. ४ तिकिटं आजवर गटाबरोबर एकही मॅच न पाहिलेल्यांसाठी. आणि २ बस सांभाळणाऱ्या दोघांसाठी.

या शेवटच्या दोनाबद्दल स्पष्ट बोलू. संयोजकांना तिकीट हवंच असतं आणि ते राबतातही. पण त्यांचा वाटा नियमात लिहिलेला, आकड्यात आणि थोडा असावा. लपवलेली दोन तिकिटं उघड ठेवलेल्या पाचांपेक्षा जास्त नुकसान करतात. अध्यक्ष, खजिनदार, अ‍ॅडमिन, सगळ्यांनी बाकीच्यांसारखाच अर्ज करायचा. ‘माझा भाऊ येतोय बेंगळुरूहून, एक बघ ना’ याला उत्तर एकच: फॉर्म भर.

व्हीलचेअरवर येणाऱ्या सदस्याचं आणि त्याच्या सोबत्याचं तिकीट या ४० मध्ये धरू नका. आयोजकांकडे त्या जागा वेगळ्या असतात का ते पहिल्याच दिवशी विचारा आणि स्वतंत्र मागा. नसतील, तर मात्र सोडतीआधी बाजूला काढा. आणि एकटीने येणाऱ्या मुलींच्या जागा ओळखीच्या सदस्यांशेजारी, सलग ठेवा. रात्रीच्या परतीच्या बसमध्ये त्यांची सीट आधी पक्की करा. वाटपाच्या न्यायात हेही येतं.

युरोपातले मोठे क्लबही आता गुण आणि सोडत यांची सांगड घालतात. आर्सेनलने २०२३-२४ पासून सदस्यांची घरच्या मॅचची तिकिटं ‘लवकर क्लिक करा’ पद्धतीने विकणं सोडून सोडत आणली. चॅम्पियन्स लीगच्या २०२२ च्या अंतिम सामन्यात लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद दोघांना प्रत्येकी सुमारे २०,००० तिकिटं मिळाली होती. लाखोंचा चाहतावर्ग असलेल्या क्लबाला नियमाशिवाय ती वाटताच आली नसती. फिफानेही २०२६ च्या विश्वचषकासाठी ६० डॉलरची स्वस्त तिकिटं ठेवली, ती स्पर्धेत खेळणाऱ्या प्रत्येक देशाच्या संघटनेमार्फत निष्ठावान चाहत्यांना द्यायची असं ठरलं, आणि निष्ठावान कोण ते ठरवणं त्या त्या संघटनेवर सोडलं. म्हणजे जो प्रश्न तुमच्या कोथरूडच्या ग्रुपपुढे आहे, तोच तिथेही आहे.

अर्ज मागवताना

फॉर्म किमान चार दिवस उघडा ठेवा, आणि त्यात एक रविवार येऊ द्या. पहिल्या मिनिटाला भरलेला आणि शेवटच्या मिनिटाला भरलेला अर्ज समान, हे फॉर्मच्या वरच्याच ओळीत लिहा. नाव, फोन, किती जण, कोण कोण, एवढंच विचारा. आधार कार्डाचे फोटो ग्रुपवर मागवू नका. तिकिटावर नाव लागणार असेल तर नाव ओळखपत्राप्रमाणे लिहायला सांगा. कार्ड गेटवर ज्याचं त्याने दाखवावं.

अर्जाबरोबर छोटी अनामत घ्या, तिकिटाच्या किमतीच्या साधारण चौथा हिस्सा. उगाच नाव टाकून ठेवणारे त्यामुळे गळतात. तिकीट लागलं तर ती किमतीत वळती, नाही लागलं तर सोडतीच्या दुसऱ्या दिवशी परत. पैसे एकाच्या खासगी यूपीआयवर न घेता गटाच्या नावाने, दोघांच्या सहीने चालणाऱ्या खात्यात घ्या. तेवढी सोय नसेल तर निदान दोघांनी मिळून हिशेब रोज ग्रुपवर टाका.

मित्र-मित्र आणि नवरा-बायको एकत्र अर्ज करतात. इथे एक गणित नीट समजून घ्या, कारण नवखे संयोजक हमखास इथे फसतात. चौघांनी चार वेगळ्या चिठ्ठ्या टाकल्या आणि ‘एकाचा नंबर लागला की चौघंही जाणार’ असं ठरलं, तर त्या चौघांची संधी एकट्या माणसाच्या जवळजवळ चौपट होते. म्हणून एकत्र जायचं असेल तर मिळून एकच चिठ्ठी. ती निघाली की चौघांची चार तिकिटं. आणि शेवटी दोनच तिकिटं उरली असताना चौघांची चिठ्ठी निघाली, तर त्यांना विचारायचं: दोघं जाता का? नाही म्हणाले तर ते प्रतीक्षा यादीत पहिले, आणि पुढची चिठ्ठी. एका चिठ्ठीवर चारच्या वर नावं नकोत. टप्पा ठरवताना चिठ्ठीतल्या सर्वांत कमी गुणांच्या माणसाचे गुण धरा. नाहीतर एका जुन्या सदस्याच्या पाठीवर तिघं नवे आत येतात.

सोडतीचा दिवस

अर्जांची यादी सोडतीच्या आदल्या रात्री जाहीर करा, प्रत्येकाला किती चिठ्ठ्या आहेत त्या आकड्यासकट. ज्याला मागच्या सोडतीत तिकीट लागलं नाही त्याला या खेपेला एक चिठ्ठी जास्त. पुन्हा नाही लागलं तर आणखी एक. असं करत जास्तीत जास्त चार. तिकीट लागलं की परत एकावर. भिशीत एकदा नंबर लागून गेलेला माणूस पुढच्या महिन्यात चिठ्ठीत नसतो, त्याच रीतीचा हा जरा सौम्य प्रकार आहे आणि पुण्यात तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही. फक्त एक अट: तिकीट लागून ते घेतलं नाही, तरी चिठ्ठ्या परत एकावरच.

जागा सगळ्यांना येता येईल अशी निवडा. आम्ही डेक्कनच्या एका अमृततुल्याबाहेर, रविवारी सकाळी करतो. चिठ्ठ्या एकाच वहीच्या पानाच्या, एकाच मापाच्या, दोनदा घडी घातलेल्या असाव्यात. चौपदरी घडी आणि साधी घडी यांतला फरक बोटांना कळतो, म्हणून हे सांगतोय. स्टीलचा डबा रिकामा करून, उलटा करून सगळ्यांना दाखवायचा. मग यादी वाचत एकेक चिठ्ठी आत टाकायची. ज्याचं नाव असेल त्याने हवं तर स्वतः टाकावी. चिठ्ठी काढणारा अर्जदार नसावा. अमृततुल्यातला चहा देणारा पोऱ्या असेल किंवा शेजारच्या टेबलवरचे पेपर वाचणारे काका असतील, कोणीही चालेल. बाही दुमडलेली, डोळे दुसरीकडे. काढलेली चिठ्ठी आधी कॅमेऱ्याला दाखवायची, मग वाचायची. सगळं लाइव्ह, मधे व्हिडिओ बंद नाही.

आणि ४० झाले म्हणून थांबू नका. डबा रिकामा होईपर्यंत काढत राहा. ४१ व्यापासून पुढचा क्रम हीच प्रतीक्षा यादी. यामुळे नंतर एखादं तिकीट परत आलं तर ‘आता कोणाला’ हा प्रश्नच उरत नाही, आणि वशिल्याला जागाही उरत नाही.

अर्ज तीन-चारशेच्या पुढे गेले की डबा पुरत नाही. तेव्हा कंप्युटरवर सोडत करा, पण बटण कोण दाबतो यावर भरवसा ठेवायला लावू नका. यादीला क्रमांक देऊन ती आधी जाहीर करा आणि सोडतीचा बीजांक, म्हणजे ज्या आकड्यावरून कंप्युटर नावांचा क्रम लावतो तो, आधीच ठरवलेल्या बाहेरच्या आकड्यावरून घ्या, उदाहरणार्थ सोमवारी बंद होतानाचा सेन्सेक्स. तोच आकडा टाकून कोणीही घरी तीच सोडत पुन्हा करून बघू शकेल. कोणती प्रणाली वापरणार तेही आधी सांगा.

परत आलेली तिकिटं आणि ब्लॅक

मॅचच्या तीन दिवस आधीपर्यंत तिकीट परत करता येईल, पूर्ण पैसे मिळतील, गुण कापले जाणार नाहीत. ही मुदत उदार ठेवा. लोकांना परत करणं सोपं वाटलं तरच ते परत करतात. परत आलेलं तिकीट प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला, दोन तासांत उत्तर दिलं नाही तर त्याच्या पुढच्याला. सदस्याने आपल्या आपण मित्राला देऊन टाकायचं नाही, फुकटसुद्धा नाही. हे लोकांना कडक वाटतं, पण रांगेत ५२ व्या नंबरवर थांबलेल्या माणसाच्या बाजूने बघा.

मुदतीनंतर न कळवता गैरहजर राहणाऱ्याचे त्या मोसमातले निम्मे गुण जातात. आजारपण, घरातलं दुःख, अचानक लागलेली ड्युटी यांना सूट. पुरावा मागू नका, विश्वास ठेवा. दुसऱ्यांदा तेच झालं तर बोला.

जास्त किमतीला विकणाऱ्याला माफी नाही. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्या गटाकडे पोलीस नाहीत, पण यादी आहे: दोन मोसम एकही तिकीट नाही, आणि नाव का वगळलं ते नियमाच्या पानावर लिहिलेलं. जिथे शंका वाटते तिथे तिकीट आधी पाठवू नका. गेटवर, माणूस बघून द्या. मोठ्या मॅचला आम्ही सगळीच तिकिटं बसमध्ये चढल्यावर देतो.

तक्रार आली तर

येणारच. सोडतीनंतर ४८ तास तक्रारींसाठी ठेवा आणि तोवर तिकिटं हातात देऊ नका. ऐकायला तिघं असावेत, त्यांतला निदान एक या मॅचसाठी अर्ज न केलेला. गुण चुकले असतील तर वही उघडा, दुरुस्त करा, आणि काय चुकलं ते ग्रुपवर लिहा. नियमच चुकीचा वाटत असेल तर ती सूचना मोसमाअखेरच्या बैठकीच्या यादीत टाका, पण या मॅचला लागू करू नका. आरडाओरडा करणाऱ्याला गप्प करायला एक तिकीट काढून दिलंत, तर पुढच्या मॅचला दहा जण आरडाओरडा करतील, आणि त्यांचं चूक म्हणता येणार नाही.

ज्याला नाही मिळालं त्याला फोन करा. मेसेज नको. एवढ्या लोकांना फोन करणं जड जातं, म्हणून चौघांत वाटून घ्या. त्याचा प्रतीक्षा क्रमांक आणि पुढच्या सोडतीतल्या त्याच्या चिठ्ठ्या सांगा, बस कितीला निघते हे सांगू नका.

पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी

तुम्ही संयोजक नसून नव्याने गटात आला असाल, तर मोठ्या मॅचची वाट बघत बसू नका. बालेवाडीत एखादी छोटी मॅच असली, ज्युनियरची, महिलांची, की या. तिथे जागा रिकाम्या असतात आणि वहीत नाव सहज लागतं. बॅनर रंगवायला हात कायम कमी असतात. गटाबरोबर अजून एकही मॅच पाहिली नसेल, तर नव्यांच्या ४ जागांसाठी फॉर्म भरायला लाजू नका, त्या तुमच्यासाठीच ठेवल्या आहेत. आणि आपल्याला किती गुण आहेत हे संयोजकाला विचारा. तो लगेच दाखवू शकला नाही, तर तो का दाखवू शकत नाही हेही विचारा.

मॅच संपल्यावर

बस लोणावळ्याला चहासाठी थांबते तोवर लोक जागे असतात. तेवढ्यात वही फिरवा: खूण राहिली असेल तर सांगा, कोण आलं नाही ते लिहा. दुसऱ्या दिवशी शीट अद्ययावत करून टाका, ज्यांचा नंबर लागला त्यांच्या चिठ्ठ्या एकावर आणा, ज्यांचा नाही त्यांची एक वाढवा. अनामतीचा शेवटचा रुपया परत गेल्याचा हिशेब त्याखाली जोडा. मोसम संपला की मे-जूनमध्ये बैठक बोलवा, नियमाचं पान मधोमध ठेवा, आणि साठलेल्या सूचनांवर एकेक करून मतदान घ्या. पुढच्या मोसमाचं वेळापत्रक जाहीर व्हायच्या आत.